डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे, आणि त्या दहा मिनिटांत नेमकं काय झालं

प्रश्न थोडक्यात असा. तिशीतलं जोडपं, लग्नाला सहा वर्षं झालेली. किंकची, म्हणजे चाकोरीबाहेरच्या लैंगिक खेळांची, आवड दोघांनाही. आपसात बोलून, ठरवून, एका शनिवारी रात्री त्यांनी पहिल्यांदाच सेन्सरी डेप्रिव्हेशन करून पाहिलं, म्हणजे एकाच्या संवेदना काही वेळापुरत्या बंद करून ठेवणं. बायकोच्या डोळ्यांवर पट्टी, कानात फोमचे प्लग, त्यावर हेडफोन आणि हेडफोनमध्ये सतत खरखर, हात मऊ दोरीने पलंगाला बांधलेले. नवऱ्याने तयारी मनापासून केली होती. कात्री आणि पाणी जवळ होतं, आणि 'घाबरलीस तर लगेच सांग, काहीही होऊ शकतं' असं त्याने चार-पाच वेळा बजावलं होतं. दहाव्या मिनिटाला तिला धाप लागली, छातीत धडधडायला लागलं, ती ओरडली. त्याने लगेच सोडवलं. त्यानंतर त्याने ती पट्टी कपाटाच्या तळाशी टाकली आणि विषय बंद केला. ती विचारते: माझ्यात काही कमी आहे का? त्याचं काही चुकलं का? आणि मला अजूनही हे करून बघायचं असेल तर कसं करायचं?

तुमच्यात काही कमी नाही. तुम्ही थांबायला सांगितलं आणि तो थांबला, त्या रात्रीचा एवढा भाग अगदी जसा व्हायला हवा तसा झाला. गडबड दुसरीकडे आहे. एकाच रात्रीत डोळे, कान आणि हात तिन्ही काढून घेतले गेले, आणि त्या बदल्यात धरून राहायला तुमच्याकडे काहीच उरलं नाही. तुम्ही लिहिलेलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: 'तो बाजूला बसून माझ्याकडेच बघत होता, पण मला वाटलं तो खोलीत नाहीच.' तुम्हाला जे झालं ते या वाक्यात आहे.

मी हे सतरा वर्षं करते आहे. पट्टी बांधून घेतली आहे आणि बांधलीही आहे. गेली काही वर्षं नवीन लोकांना समोर बसवून शिकवते. माझा आणि माझ्या जोडीदाराचा पहिल्यापासूनचा एक नियम आहे: समोरच्याची जी जाणीव काढून घेतली, ती तेवढा वेळ आपण सांभाळायची. डोळे बांधले तर त्याच्या वाटचं बघायचं. कान बंद केले तर दाराची बेल, शेजारचा आवाज, त्याच्या श्वासातला फरक आपण ऐकायचा. हात बांधले तर त्याच्या नाकावर बसलेला डास आपण उडवायचा. डासाचं उदाहरण मुद्दाम देते, कारण हात बांधलेल्या माणसाला नाकावरची खाज किती असह्य होते हे स्वतः अनुभवल्याशिवाय कळत नाही. तुमच्या नवऱ्याने हे सगळं केलं, तो डोळ्यांत तेल घालून बसला होता. पण तो बसला आहे हे तुमच्यापर्यंत पोचायला एकही वाट उघडी नव्हती. एक तळहात तुमच्या पोटरीवर ठेवलेला असता तरी ती रात्र वेगळी झाली असती, असं मला खात्रीने वाटतं.

आता शरीरात काय घडतं ते जरा सविस्तर सांगते, कारण ते कळलं की स्वतःला दोष द्यायचं थांबतं.

आंधळी कोशिंबीर खेळताना डोळ्यांवर रुमाल बांधून तीन गिरक्या दिल्या की रोजचं अंगण परकं व्हायचं, आठवतं? लोक म्हणतात, डोळे बांधले की बाकीची इंद्रियं तीक्ष्ण होतात. अनुभव तसाच येतो, पण त्याचं मोठं कारण अंदाज हे आहे. मेंदू सतत पुढच्या क्षणाचा अंदाज बांधत असतो आणि अंदाजाप्रमाणे घडलेल्या गोष्टीकडे फारसं लक्ष देत नाही. स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत त्या यामुळेच. १९९८ साली लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर, डॅनियल वोल्पर्ट आणि ख्रिस फ्रिथ यांनी मेंदूच्या स्कॅनमधून दाखवलं की स्वतःच्या हाताने झालेल्या स्पर्शाला मेंदू कमी प्रतिसाद देतो, कारण तो येणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. डोळ्यांवर पट्टी आली की समोरच्याच्या हाताचा अंदाज बांधता येत नाही. मग खांद्यावर टेकलेलं एक बोटही सगळं लक्ष खेचून घेतं. या खेळातली सगळी गोडी तिथेच आहे, आणि भीतीही तिथूनच येते.

अंदाज बांधायला काहीच मिळालं नाही तर मेंदू गप्प बसत नाही, तो स्वतःच रचायला लागतो. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांच्या विभागात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर प्रयोग झाले. विद्यार्थ्यांना दिवसाला २० डॉलर मिळायचे, आणि काम एकच: पलंगावर पडून राहायचं. डोळ्यांवर धूसर चष्मा, ज्यातून उजेड येतो पण आकार दिसत नाहीत. हातात सुती मोजे, त्यावर बोटांच्या पुढे जाणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळ्या. डोक्याभोवती फोमची उशी. त्या काळात हे पैसे चांगले होते, तरी बहुतेकांना दोन-तीन दिवसांपलीकडे टिकता आलं नाही. त्यांना दिसायला लागलं: आधी ठिपके आणि रेषा, मग चित्रं. एकाला खांद्यावर पोती टाकून बर्फातून रांगेने चाललेल्या खारी दिसल्या. ही धडधाकट तरुण मुलं होती. तुम्ही लिहिलंय की खरखरीतून कुणीतरी तुमचं नाव घेतंय असं वाटलं आणि 'मला वेड लागतंय' ही धास्ती बसली. नाही हो, वेड लागत नव्हतं. अर्थ नसलेल्या आवाजात मेंदू अर्थ शोधतो, आणि त्यात तो आधीच बिचकलेला असेल तर शोधून भलतंच आणतो. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते हेच.

त्यात कानांचा एक वेगळा त्रास असतो आणि तो फार कमी लोक आधी सांगतात. नीट बसलेला फोमचा प्लग साधारण ३० डेसिबलपर्यंत आवाज कमी करतो, म्हणजे शेजारी बसून नेहमीच्या आवाजात बोललेलं पुसट होऊन जातं. पण कान बाहेरून बंद केले की आतले आवाज मोठे होतात: स्वतःचा श्वास, गिळण्याचा आवाज, छातीचे ठोके. तुम्हाला स्वतःचा श्वास मोठ्याने ऐकू आला. तो जरा जलद वाटला, म्हणून तुम्ही आणखी जलद घेतला. जलद श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. हात तर बांधलेले, त्यामुळे वाटलं दोरीनेच मुंग्या आल्या. भीती वाढली, श्वास आणखी वाढला. तुम्ही लिहिलेल्या क्रमाने हे सगळं तंतोतंत जुळतं. ही शरीराची साधी साखळी आहे, ती कुणालाही पकडते.

आता तुमच्या नवऱ्याच्या बजावण्याबद्दल. त्याने ते प्रेमापोटी केलं, तरी तिथे एक खोच आहे. १९६४ साली अमेरिकेत मार्टिन ऑर्न आणि कार्ल शाइब यांनी एक सुंदर प्रयोग केला. काही लोकांना सांगितलं की हा संवेदना बंद करण्याचा प्रयोग आहे. त्यांची वैद्यकीय माहिती घेतली, समोर तातडीच्या औषधांचा ट्रे ठेवला, कागदावर सह्या घेतल्या आणि घाबरलात तर दाबायला एक बटण दाखवलं. दुसऱ्या गटाला यातलं काहीच केलं नाही, तुम्ही फक्त तुलनेसाठी आहात म्हणाले. मग दोघांनाही तशाच एका साध्या खोलीत चार तास बसवलं. खोलीत उजेड होता, कानावर आवाज येत होते, कुठलीच संवेदना काढून घेतलेली नव्हती. तरी बटण आणि ट्रे पाहिलेल्या लोकांना अस्वस्थता, भास, गोंधळ लक्षणीय जास्त झाला. 'काहीही होऊ शकतं' हे वाक्य म्हणजे असा एक ट्रेच आहे.

म्हणून थांबवण्याची खूण ठेवायचीच नाही का? ठेवायची, तिच्याशिवाय मी कुणाला रुमालसुद्धा बांधू देणार नाही. फक्त तिची ओळख संकट म्हणून करून द्यायची नाही. आम्ही ती दिवसाउजेडी, चहा पिताना, हसत-खेळत पाचसहा वेळा करून बघतो. खूण वापरली की लगेच सगळं थांबतं हे हाताला आणि अंगाला माहीत झालं पाहिजे, नुसतं डोक्याला नाही. सीन, म्हणजे ठरवलेला खेळ, सुरू झाल्यावर पहिल्या दोन मिनिटांत एकदा मुद्दाम वापरायची, काही झालेलं नसताना. एकदा चालते हे अनुभवलं की पुढे ती क्वचितच लागते.

कोणती खूण, यावरही थोडं थांबते, कारण इथे माझ्या हातून चूक झाली आहे. नुसता शब्द पुरत नाही. कान बंद असलेल्या माणसाला आपला आवाज बाहेर किती जातोय याचा अंदाज राहत नाही, तो पुटपुटतो आणि त्याला वाटतं आपण ओरडलो. म्हणून हातात काहीतरी द्यायचं आणि ते टाकलं की थांबायचं, ही पद्धत सगळीकडे शिकवतात. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातात चाव्यांचा जुडगा असायचा. एका रात्री मला खांद्यात कळ आली आणि मी चाव्या सोडल्या. त्या गादीवर पडल्या. आवाज शून्य. जोडीदार पायांकडे होता, त्याला दिसलं नाही. मी थांबून राहिले की आता सोडवेल, आता सोडवेल. तो बिचारा समजत होता सगळं छान चाललंय. दोन-तीन मिनिटांत त्याच्या लक्षात आलं, पण त्या दोन-तीन मिनिटांत मी मनातल्या मनात त्याच्यावरचा सगळा विश्वास काढून घेतला होता, आणि तो परत यायला काही महिने गेले. तेव्हापासून आमच्याकडे दोन खुणा असतात. हातात घुंगरू, आणि हात पलंगाच्या कडेबाहेर, खाली स्टीलचं ताट ठेवलेलं. शिवाय दर थोड्या वेळाने तो माझा हात दोनदा दाबतो, मी दोनदा दाबून उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही, एकदाच आलं किंवा उशिरा आलं, तरी तो थांबतो आणि आधी एक कान मोकळा करून विचारतो. या दाबण्याचा दुसरा उपयोग मला नंतर कळला: अंधारात तो हात दाबला गेला की आपण एकटे नाही हे कळतं.

वेळेचं भानही जातं. मिशेल सिफ्र नावाचा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ १९६२ साली आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय दोन महिने राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या हिशोबाने २० ऑगस्ट होती. सेकंदाला एक या वेगाने १२० पर्यंत मोजायला सांगितलं तर त्याला जवळजवळ पाच मिनिटं लागली. गुहेत त्याची वेळ आक्रसली. पट्टीखाली घाबरलेल्या माणसाची उलट ताणली जाते. एकदा आमच्या दाराची बेल वाजली. 'आलोच' म्हणून जोडीदार उठला, कुरिअर घेतलं, परत आला. माझ्या कानात प्लग होते, मला 'आलोच' ऐकू आलंच नाही. मला वाटलं वीस मिनिटं गेली. घड्याळात चारच मिनिटं झाली होती. तेव्हापासून नियम असा की सीन चालू असताना खोली सोडायची नाही. उठावंच लागलं तर आधी समोरच्याच्या डोळ्यांवरची पट्टी काढायची, मग दाराकडे जायचं. दूधवाला थांबतो. सासूबाईंचा फोनही थांबतो.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १९७१ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश सुरक्षादलांनी १४ माणसांना डोक्यावर पिशवी घालून, सतत खरखरीच्या आवाजात, भिंतीला टेकवून उभं ठेवलं, झोपू दिलं नाही, पुरेसं अन्नपाणी दिलं नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९७८ च्या निकालात ही वागणूक अमानुष आणि मानहानीकारक ठरवली. डोळ्यांपुढचा अंधार आणि कानातली खरखर आपल्या खेळातही असते. मॅकगिलचे विद्यार्थी हवं तेव्हा उठून जाऊ शकत होते, उत्तर आयर्लंडमधल्या त्या माणसांना ते शक्य नव्हतं. म्हणून 'अगदी खऱ्यासारखं वाटू दे, मी थांब म्हटलं तरी थांबू नकोस' असं नव्या जोडप्यांनी ठरवलेलं ऐकलं की मी तिथेच अडवते. संवेदना बंद असलेल्या माणसाकडे आपलं म्हणणं मांडायला आधीच फार थोडं उरलेलं असतं, त्यातलं एकही काढून घेऊ नये.

आता परत कसं करायचं ते.

पहिल्या वेळी फक्त डोळे. कान मोकळे, हात मोकळे. दहा मिनिटं, आणि दहा म्हणजे घड्याळातली दहा. मजा आली म्हणून वाढवायची नाहीत, पुढच्या वेळेसाठी ठेवायची. उभं राहून करू नका. डोळे बंद करून उभं राहिलं की माणूस डुलतो, कारण तोल सांभाळायला कानाच्या आतलं यंत्र आणि सांधे-स्नायूंची जाणीव यांच्या जोडीला डोळे लागतात. बसून किंवा आडवं. पट्टी जुन्या सुती ओढणीची सगळ्यात चांगली, रुंद घडी करून, गाठ डोक्याच्या बाजूला. मागे गाठ आली तर उशीवर टोचते. लवचीक पट्ट्याचा झोपेचा मास्क त्याहून सोपा, एका हाताने निघतो. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढा. आणि पट्टी डोळ्यांच्या बुबुळांवर दाबून कधीही बांधू नका. डोळ्यावर दाब आला की काही लोकांच्या हृदयाचे ठोके एकदम मंदावतात, भोवळ येऊ शकते. पट्टीचा भार कपाळाच्या आणि गालाच्या हाडावर हवा, पापण्या आत मोकळेपणी उघडता-मिटता आल्या पाहिजेत.

मग स्पर्श. घाई करू नका, हे मी शिकवताना सगळ्यात जास्त वेळा म्हणते. केसाळ त्वचेत सी-टॅक्टाइल नावाचे मज्जातंतू असतात, ते हळू फिरणाऱ्या, उबदार हाताला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात, साधारण सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर एवढ्या वेगाला. म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंत यायला सात-आठ सेकंद. करून बघा, बांधणाऱ्याला ते फार संथ वाटतं आणि समोरच्याला अगदी बरोबर. एक हात नेहमी अंगावर टेकलेला ठेवा, एकाच जागी, न हलता. त्याला आम्ही नांगर म्हणतो, जहाजाचा असतो तसा. दुसऱ्या हाताने काय ते करा. घरात काय असेल ते घ्या: मोरपीस, कापूस, फ्रिजमधून काढलेली स्टीलची वाटी, तळहातात कोमट केलेलं खोबरेल, बर्फ रुमालात गुंडाळून. वाटी थंड आहे की ओली आहे हे पट्टीखालच्या माणसाला चटकन कळत नाही. एकदा मी एका मैत्रिणीच्या पाठीवर कोरडी, गार वाटी टेकवली. ती शपथेवर सांगत होती की पाणी ओघळतंय. असा गोंधळ उडाला की खोलीतलं वातावरण एकदम हलकं होतं.

दोन-तीन वेळा हे जमलं की कान. सुरुवातीला प्लग नकोत, नुसते हेडफोन आणि त्यात पावसाचा किंवा पंख्यासारखा एकसुरी आवाज, नेहमीच्या बोलण्याइतपतच मोठा. खरखरीत मेंदू भुतं शोधतो, पाऊस ओळखीचा असतो. कोकणातल्या एका जोडप्याने आपल्याच कौलांवरचा पाऊस रेकॉर्ड करून ठेवला होता, मला ती कल्पना फार आवडली. प्लग आणि हेडफोन एकावर एक घालणं मी अनुभवी लोकांसाठीच ठेवते. हात बांधणं सगळ्यात शेवटी, आणि डोळे-कान दोन्ही बंद असताना पहिल्या काही वेळी बांधूच नका. 'हात हलवू नकोस' एवढं सांगून माणूस स्वतःहून हात ठेवतो, त्याची मजा दोरीपेक्षा कमी नसते, आणि नको वाटलं तर तो स्वतःच पट्टी काढू शकतो. बांधलेच, तर दोरी आणि मनगट यांत दोन बोटं सहज गेली पाहिजेत, बोटांचा रंग आणि ऊब दर दोन-तीन मिनिटांनी बघायची, आणि मुंग्या आल्या की सोडायचं. त्या दोरीने आल्या की श्वासाने, याची चर्चा सोडवल्यावर करायची. कात्री ठेवली होती ते चांगलं, पण बोथट टोकाची, बँडेज कापायची ठेवा.

नाक आणि तोंड या दोन गोष्टींना हात लावायचा नाही. त्यांवर काही बांधायचं नाही, प्लास्टिक चेहऱ्याजवळ आणायचं नाही, डोकं-चेहरा झाकणारी टोपी असेल तर नाक-तोंड पूर्ण उघडं हवं आणि कापड सुती हवं. तोंडात बोळा घालून डोळे-कान बंद करणं नकोच, उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते आणि सांगायला वाट उरत नाही. गळा दाबणं तर या विषयातच येत नाही. मेंदूचा रक्तपुरवठा थांबला की दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते, आणि ते सुरक्षितपणे करण्याची पद्धत नाही. कुणी शिकवतो म्हणाला तर तिथून उठून या.

काही लोकांनी हे टाळावं, किंवा आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं: बंद जागेची भीती, पॅनिक अटॅक, फिट्स, दमा, पूर्वी भास होण्याचा आजार झालेला असणं, लहानपणी कोंडून ठेवल्याचा किंवा अत्याचाराचा अनुभव. डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, कान दुखत असेल किंवा सर्दीने नाक चोंदलं असेल तर त्या दिवशी नको. इन्सुलिनवर असलेल्या माणसाला साखर उतरल्याची लक्षणं आणि उत्तेजना यांतला फरक पट्टीखाली कळत नाही, म्हणून आधी तपासून घ्यावी. दारू आणि भांग दोघांनीही घ्यायची नाही, बांधणाऱ्याने तर मुळीच नाही. तुम्हाला त्या रात्री पॅनिक आला म्हणजे तुम्हाला तो आजार आहे असं होत नाही. पण एरवीही, लिफ्टमध्ये, गर्दीत असं होत असेल तर आधी त्याकडे बघा, हे मागे राहू द्या.

सोडवताना उलट क्रम: आधी हात, मग कान, डोळे शेवटी. कान मोकळे झाल्यावर पहिला आवाज ओळखीचा हवा, म्हणून हळू आवाजात नाव घ्या, 'मी आहे, आता पट्टी काढतोय' म्हणा आणि मग काढा. खोलीतला मोठा दिवा आधीच बंद करून ठेवा, नाईट लॅम्प पुरे. पाणी द्या, चादर द्या. उन्हाळ्यातही द्या, बराच वेळ निश्चल पडलेल्या माणसाला सीन संपल्यावर थंडी वाजते. लगेच 'कसं वाटलं?' विचारू नका. शब्द परत यायला वेळ लागतो. दहा-पंधरा मिनिटं नुसतं जवळ बसणं हीच आफ्टरकेअर, म्हणजे नंतरची काळजी. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उगाच रडू येतं, उदास वाटतं, त्याला सबड्रॉप म्हणतात. तुम्ही लिहिलंय की सोमवारी ऑफिसात कारण नसताना डोळे भरून आले. ते हे. बांधणाऱ्यालाही होतं, आणि त्याच्याकडे सहसा कुणी बघत नाही.

आणखी एक, हे बायकांसाठी विशेष लिहिते. पट्टी बांधलेल्या माणसाला कॅमेरा दिसत नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं हा नियमच करा, विश्वास कितीही असला तरी. फोटो हवाच असेल तर पट्टी बांधण्याआधी, डोळ्यांत डोळे घालून विचारायचं. तसंच, जे आधी ठरलं नाही ते पट्टीखाली नवीन सुरू करायचं नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये संमती म्हणजे नि:संदिग्ध, स्वेच्छेने दिलेली मान्यता म्हटलं आहे, आणि नुसता शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती मानता येत नाही हेही त्यात स्पष्ट आहे. त्याच कलमात नवऱ्यासाठी एक अपवाद आजही शिल्लक आहे. आमच्या खेळात तो अपवाद चालत नाही. लग्न झालेलं असलं तरी दर वेळी नव्याने विचारायचं.

'हे करावंसं वाटणं म्हणजे विकृती तर नाही?' असंही तुम्ही शेवटी हळूच विचारलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची नवी यादी, आयसीडी-११, जानेवारी २०२२ पासून लागू झाली. दोन प्रौढांनी परस्परसंमतीने केलेल्या अशा गोष्टींना त्यात आजार मानलेलं नाही.

राहिला तुमचा नवरा. त्याने पट्टी तळाशी टाकली, कारण त्याच्या डोळ्यांसमोर तुमचा तो चेहरा आहे. त्याला समजावून सांगत बसू नका. त्याला विचारा की या वेळी पट्टी तो बांधून घेईल का. रविवारी दुपारी, पडदा अर्धा उघडा, खुर्चीत बसून, हात-कान मोकळे. तुम्ही समोर बसा, एक हात त्याच्या गुडघ्यावर ठेवा, घड्याळ लावा. पहिली दोन मिनिटं काहीच करू नका, नुसतं बघा: खांदे केव्हा खाली येतात, पायाची बोटं केव्हा सैल पडतात, श्वास पोटातून केव्हा सुरू होतो. मग एकदा, फक्त एकदा, गुडघ्यावरचा हात उचला आणि त्याचं डोकं कुठे वळतं ते पाहा. तो तुमचा हात शोधेल. लगेच परत ठेवा. दहा मिनिटं झाली की पट्टी काढा आणि त्याला सांगा की त्या शनिवारी तुम्हीही तेच शोधत होतात.